पत्रे रंगवायला बोलावण्याआधी: गोदामाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय विश्वस्त मंडळ, आमच्या गोदामाचे मालक
प्रत: शहराच्या नगरनियोजनाचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी

विषय: 45 दिवसांत गाळा रिकामा करण्याची नोटीस आणि तिच्याबरोबर आलेलं निमंत्रण

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून माझ्या नावाने दोन पाकिटं आली. एकाच दिवशी, एकाच शिपायाच्या हातून. पहिल्यात नोटीस होती: 45 दिवसांत गाळा रिकामा करून किल्ल्या जमा कराव्यात. दुसऱ्यात निमंत्रण होतं: पाडकाम सुरू झालं की आवाराभोवती जे पत्रे उभे राहतील, त्यांवर 'परिसराचा कलावारसा' रंगवण्यासाठी आपण यावं, रंग संस्थेतर्फे मिळतील. दोन्ही कागदांवर सही एकाच व्यक्तीची आहे. ते दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ नुसती बसून होते.

कुणाचा अपमान करण्याचा आपला हेतू नसेल, असं मी धरून चालते. पण हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे, कारण याआधीची तीन पत्रं आपल्या आवक खात्यात शिक्का मारून घेतली गेली आणि एकाचंही उत्तर आलं नाही.

मी चित्रकार आहे. मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर होते. कापडातला तुटलेला धागा ते ट्यूबलाइटखाली बोट फिरवून शोधायचे आणि म्हणायचे, खरा उजेड असता तर डोळ्यांनीच दिसला असता. 1991 साली मी जे. जे. कलाशाळेत शिकायला मुंबईला आले, ती परत गेले नाही. 1999 ते 2006 लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात आम्ही चौघं मिळून एक गाळा भाड्याने घेऊन काम करत होतो. ती जमीन विकली गेली. 2007 च्या जूनमध्ये, भर पावसात, टेम्पोवर ताडपत्री बांधून मी घोडपदेवच्या या गोदामात आले. तेव्हापासून माझं प्रत्येक चित्र इथे झालं आहे.

ही जागा आपण नकाशावर पाहिली आहे, कागदोपत्री चौरस फुटांत पाहिली आहे. आत येऊन पाहिली आहे का, मला माहीत नाही. म्हणून थोडं सांगते.

पुढचा भाग जुनं कापसाचं गोदाम. तुळयांना अजून लोखंडी आकडे आहेत, गासड्या उचलायचे. फरशीवर त्याच गासड्या ओढल्याचे चरे आहेत, झाडू मारताना धूळ त्यांत अडकते. मागचा भाग म्हणजे गिरणीचं फोल्डिंग खातं. तिथे तयार कापड तपासून, घड्या घालून ठेवत. त्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं आहे आणि प्रत्येक दाताची काचेची बाजू उत्तरेला. गिरणीतली माणसं त्याला नॉर्थ लाइट म्हणायची. आपल्याकडे उत्तरेकडून सहसा थेट ऊन येत नाही, त्यामुळे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत उजेड जवळजवळ सारखा राहतो, सावल्या फिरत नाहीत. कापडातला दोष दिसावा म्हणून कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हे छप्पर असं बांधलं. रंगातला दोष दिसायलाही नेमका तोच उजेड लागतो. निळ्यात हिरव्याची झाक किती आली, हे बल्बखाली कळत नाही, तिथे कळतं. पहिल्यांदा त्या छपराखाली उभी राहिले तेव्हा मला वडिलांचं ते वाक्य आठवलं होतं.

आज या आवारात आम्ही अकराजणं आहोत. पाच चित्रकार, दोन शिल्पकार, छापचित्रं करणारी एक जोडी, नाटकांचे पडदे आणि नेपथ्य रंगवणारे एक काका, आणि शाडूच्या मूर्ती करणारे एक मूर्तिकार, ज्यांच्याकडे हंगामात आणखी सहा-सात हात कामाला असतात. पडदेवाले काका सगळ्यांत जुने. चाळीस फुटी पडदा जमिनीवर पसरून, हातात काठीला बांधलेला ब्रश घेऊन ते त्यावर चालत रंगवतात. संध्याकाळी त्यांच्याकडे चहा होतो आणि तिथेच एकमेकांच्या कामावर जे बोलायचं ते बोललं जातं. माझं एक चित्र सहा महिने अडलं होतं. काकांनी लांबून बघून एवढंच म्हटलं, "खालचा डावा कोपरा मोकळा सोड, बाई." मी सोडला. ते चित्र झालं. एकटीच्या खोलीत ते झालं नसतं.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, मुदतीची. 45 दिवस हा आकडा कुठून आला ते कुणी सांगत नाही. तैलरंगाचा जाड थर वरून कोरडा वाटला तरी आतून सुकायला कित्येक महिने लागतात. ओली चित्रं एकावर एक रचून टेम्पोत घालता येत नाहीत, ती चिकटतात आणि सोडवताना थर निघून येतो. माझ्याकडे या घडीला सात मोठी कॅनव्हास अशा अवस्थेत आहेत, त्यांतलं सर्वांत मोठं नऊ फूट बाय सात फूट. ते तुळईच्या आकड्याला चेनपुली लावून आम्ही चौघांनी उभं केलं आहे. छापचित्रवाल्यांचं प्रेस हलवायला क्रेन लागते आणि ठेवायला तळमजल्याचा पक्का पाया. मूर्तिकारांनी यंदाच्या गणपतीच्या ऑर्डरी घेतल्या आहेत, लोकांचे आगाऊ पैसे घेतले आहेत. त्यांना मार्चअखेर साचे उचलायला सांगणं म्हणजे वर्षाची कमाई सोडायला सांगणं.

दुसरी, कराराची. हे सगळ्यांत खोल आहे. आमच्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो आणि दर अकरा महिन्यांनी तो नवा होतो. माझे असे कितीतरी करार झाले आहेत. एकदाही भाडं थकलेलं नाही. तरीही 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला जे संरक्षण मिळतं ते आम्हाला नाही, कारण कागदावर आम्ही भाडेकरू नाहीच, परवानाधारक आहोत. पुनर्विकासात रहिवाशाला संक्रमण शिबिर किंवा पर्यायी भाडं मिळतं, जुन्या पागडीच्या दुकानदाराला दुकान मिळतं. त्याच आवारात 17-18 वर्षं काम केलेल्या माणसाला काहीच नाही. हा कायदा आपण केलेला नाही, हे मी जाणते. पण कायद्याने देणं बंधनकारक नाही म्हणून द्यायचंच नाही, हा निर्णय मात्र आपला आहे.

तिसरी, माहितीपत्रकाची. आपल्या प्रकल्पाच्या गुळगुळीत कागदावरच्या पत्रकात पान चारवर 'मुंबईचं नवं आर्ट डिस्ट्रिक्ट' असं लिहिलं आहे आणि खाली फोटो आहे. तो फोटो आमच्या फोल्डिंग खात्यातला आहे. भिंतीला टेकलेली चित्रं माझी आहेत. मला कुणी विचारलं नाही, शिल्पकारांना कुणी विचारलं नाही. इथे चित्रकार राहतात म्हणून जागेची किंमत वाढत असेल, तर त्या किमतीत चित्रकारांचा वाटा कुठे आहे, हे पत्रकात कुठेच नाही.

चौथी, आगीच्या कारणाची. नोटिशीत म्हटलं आहे की जागा अग्निसुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक आहे. हे मी हलक्यात घेत नाही. आमच्याकडे टर्पेंटाइन आहे, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आहेत, लाकूड आणि कापड आहे. तेलाची चिंधी बोळा करून टाकली तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते, म्हणून आम्ही त्या पसरून वाळवतो किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकतो. अमेरिकेत ओकलंड शहरात 2 डिसेंबर 2016 च्या रात्री कलाकारांच्या अशाच एका गोदामात आग लागली आणि 36 माणसं गेली. ती बातमी आली तेव्हा या आवारात दोन दिवस कुणी नीट काम केलं नाही. त्यानंतर आम्ही वर्गणी काढून अग्निशामक नळकांडी घेतली, मागचं बंद दार उघडून घेतलं, आणि जुनं वायरिंग बदलण्याची लेखी परवानगी आपल्याकडे मागितली. ती परवानगी आली नाही. आज तेच वायरिंग आम्हाला काढण्याचं कारण म्हणून नोटिशीत लिहिलं आहे. ओकलंडनंतर तिकडच्या अनेक गोदामांतून कलाकारांना बाहेर काढलं गेलं, हेही आम्ही वाचलं आहे. सुरक्षा हवी असेल तर वायरिंग बदला, तपासणी करा, दारं वाढवा. आमच्या वाट्याचा खर्च आम्ही देऊ.

पाचवी, पर्यायाची. तोंडी सांगण्यात आलं की भिवंडीकडे गोदामं स्वस्तात मिळतात. मिळतात, खरं आहे. पण आमचं लाकूड रे रोडच्या वखारींतून येतं, कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, गॅलऱ्या फोर्ट आणि कुलाब्यात. चित्र बघायला येणारा माणूस हार्बर लाइनने येतो आणि रे रोडला उतरून चालत येतो. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा परळ-लालबागची नऊ मुलं शिकायला येतात, फी जमेल तशी. रात्री साडेनऊला काम थांबवून एकटी बाई बिनधास्त स्टेशनपर्यंत चालत जाऊ शकते, अशी ही वस्ती आहे. हे सगळं मिळून स्टुडिओ होतो. चार भिंती उचलून दुसरीकडे नेल्या तर त्या फक्त भिंती राहतात.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ही जागा आमच्याआधी गिरणी कामगारांची होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले हजारो परत कधी गिरणीत गेले नाहीत. खाती रिकामी झाली म्हणून आम्हाला ती भाड्याने मिळाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. आमचा लोअर परळचा गाळा गेला तो त्याच वर्षी. असंख्य कामगार आणि त्यांचे वारस आजही घराची वाट बघत आहेत. त्यांचा हक्क आमच्या आधीचा आहे आणि आमची कुठलीही मागणी त्यांच्या वाट्यातून नको. प्रकल्पात जो विक्रीचा भाग आहे, त्यातून हवी.

आता या शहरात असं कधी झालंच नाही, असं कुणी म्हणू नये. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथे नाममात्र भाड्यात कलाकारांना कामाला जागा मिळायची. वासुदेव गायतोंडे तिथे रंगवत, हुसेन तिथे रंगवत. नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांचं काम तिथे चाललं, सतारवादक रविशंकरांचं संगीत विद्यालय तिथेच चाललं. एका इमारतीत चित्रकार, नट आणि वादक जिन्यात भेटत होते. त्या जिन्यातून काय काय निघालं, ते आज कलेच्या इतिहासात शिकवतात. ती इमारत आता नाही, तिथे टॉवर आहे. गायतोंडे पुढे दिल्लीला गेले. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, 2021 च्या मार्चमध्ये, त्यांचं 1961 सालचं एक चित्र लिलावात 39.98 कोटी रुपयांना विकलं गेलं. तो आकडा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. माझं म्हणणं एवढंच की 1961 साली त्या माणसाला मुंबईत रंगवायला जागा होती, आणि ती कुणीतरी समजून-उमजून दिली होती.

2017 च्या हिवाळ्यात ससून डॉकच्या जुन्या गोदामांत कलाप्रकल्प भरला तेव्हा शहरभरातून माणसं आली. मासळीच्या वासातून वाट काढत, मुलांना खांद्यावर घेऊन. मीही दोनदा गेले. दीड-दोन महिन्यांत तो संपला. गोदामात कला बघायला या शहराला आवडतं, हे तिथे दिसलं. पण चित्र बघण्याआधी ते कुठेतरी व्हावं लागतं, आणि त्याला दीड महिना पुरत नाही.

बाहेरही बघा. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलाकार रिकाम्या कारखान्यांत बेकायदा राहत-रंगवत होते. 1971 मध्ये तिथल्या शहराने नियम बदलून त्यांना तिथे राहून काम करण्याची अधिकृत परवानगी दिली. 1982 च्या लॉफ्ट कायद्याने अशा इमारतींतल्या रहिवाशांना संरक्षण दिलं आणि त्याच वेळी मालकांना त्या इमारती सुरक्षित करायला भाग पाडलं. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये 1981 साली गोदामांसाठी तसाच नियम झाला. पुढे दोन्हीकडे भाडी इतकी वाढली की बहुतेक चित्रकारांना निघावं लागलं, हेही तितकंच खरं आहे. म्हणून नुसती परवानगी पुरत नाही, भाडं आणि मुदत दोन्ही कागदावर बांधून घ्यावी लागतात. आपल्याच देशात चेन्नईजवळ 1966 मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हस्तकलेच्या वस्तू विकून आलेल्या पैशांतून जमीन घेतली आणि चोलमंडल हे कलाकारांचं गाव वसवलं. दिल्लीत ललित कला अकादमीने गढी गावातल्या जुन्या वास्तूत स्टुडिओ केले. मुंबईत, जिथे 1857 पासून कलाशाळा आहे आणि दरवर्षी शेकडो मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, तिथे त्या मुलांनी रंगवायचं कुठे याचं उत्तर कुणाकडे नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांनी मोठी चित्रं करणं सोडलं ते जागेअभावी. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस आपोआप लहान चित्रं करू लागतो. मग त्याला वाटू लागतं की आपण लहानच विचार करतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

नोटीस स्थगित करा आणि गणेशोत्सव संपेपर्यंत कुणाचाही गाळा सील करू नका. त्याआधी सर्व अकराजणांना एकत्र बोलावून बैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त लेखी द्या.

आवारात कोण, किती वर्षांपासून, किती जागेत काय काम करतं, याची नोंद संयुक्त पाहणीतून करा. ज्यांनी सलग दहा वर्षांहून जास्त काम केलं आहे त्यांना पुनर्विकासात पात्र धरा, करार अकरा महिन्यांचे असले तरी.

नव्या इमारतीत आम्हाला आताइतकीच कामाची जागा द्या. फुकट नको. भाडं आजच्या भाड्याला धरून, ठरावीक वाढीने, किमान पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत करारावर. छताची उंची चौदा फुटांपेक्षा कमी नको, निम्मी जागा तळमजल्यावर, आणि मालवाहू लिफ्ट अशी की नऊ फुटी चित्र आडवं न करता जाईल. बांधकामाच्या काळात याच विभागात पर्यायी जागा किंवा तिचं भाडं.

फोल्डिंग खात्याचं छप्पर पाडू नका. आपल्या आराखड्यात त्या जागी प्रवेशाची कमान आणि कारंजं आहे. ते वीस मीटर पुढे सरकू शकतं. एका वास्तुविशारद मैत्रिणीने विनामूल्य काढून दिलेला पर्यायी नकाशा तिसऱ्या पत्रासोबत जोडला होता. तो उघडून पाहावा.

अग्निसुरक्षेची तपासणी आमच्या उपस्थितीत व्हावी, त्रुटींची यादी मिळावी आणि त्या दूर करायला तीन महिने द्यावेत.

माहितीपत्रकातून आमच्या कामांचे फोटो काढा, आणि पुढे वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्या.

नगरनियोजनाच्या अधिकाऱ्यांना वेगळी विनंती: गिरण्या, गोदामं आणि औद्योगिक गाळ्यांच्या प्रत्येक पुनर्विकासात कलाकार आणि कारागिरांच्या कामाच्या जागेसाठी काही टक्के क्षेत्र राखून ठेवण्याचा नियम करावा. किती टक्के, हे चर्चेतून ठरवू. चर्चेला आम्हाला बोलवा.

पत्रे रंगवण्याच्या निमंत्रणाबद्दल. आम्ही अकराजणं काकांच्या चहाला बसून त्यावर बोललो. ज्या पत्र्यांमागे आमचंच छप्पर उतरवलं जाणार आहे, ते आम्ही रंगवणार नाही. बैठक झाली, लेखी ठरलं आणि ते छप्पर राहणार असेल, तर आवाराची सगळी भिंत आम्ही रंगवू. रंग आमचे.

बैठकीसाठी कुठलाही दिवस चालेल. शक्यतो सकाळी अकराला या, कार्यालयात नको, इथेच. आभाळ स्वच्छ असेल तर त्या वेळी मागच्या खात्यात दिवा लावावा लागत नाही.

आपली,
गाळा क्रमांक 7 मधली चित्रकार
आणि आवारातले दहा सहकारी